मधुमेहाचा धोका कसा मोजतात : चार प्रश्न, एक मोजपट्टी आणि त्यांच्या मर्यादा

मधुमेह झाला आहे की नाही, हे रक्ताच्या तपासणीवाचून सांगता येत नाही. तो पुढे होण्याची किंवा नकळत आधीच जडलेला असण्याची शक्यता किती आहे, याचा अंदाज मात्र रक्ताचा थेंबही न काढता बांधता येतो. वय, कंबरेचा घेर, शारीरिक श्रम आणि आईवडिलांचा मधुमेह या चार गोष्टींवरून असा अंदाज बांधणारी गुणपद्धती चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनचे डॉ. व्ही. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केली. ‘इंडियन डायबेटिस रिस्क स्कोअर’, संक्षेपाने ‘आयडीआरएस’, या नावाने ती ओळखली जाते आणि देशातील अनेक वैद्यकीय महाविद्यालयांनी आपापल्या भागातील पाहण्यांत तिचा उपयोग केला आहे. ती वापरणे सोपे आहे. तिच्यातून निघालेल्या आकड्याचा अर्थ लावणे तितके सोपे नाही, आणि बहुतेक गैरसमज तेथेच होतात.

अशा पद्धतीची गरज भारतात का भासली, हे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या ‘आयसीएमआर-इंडियाब’ या पाहणीवरून कळते. २००८ ते २०२० या काळात देशातील ३१ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील १ लाख १३ हजारांहून अधिक प्रौढांची तपासणी त्यात झाली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार देशातील ११.४ टक्के प्रौढांना, म्हणजे सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, आणखी १५.३ टक्के, म्हणजे सुमारे १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहपूर्व अवस्थेत आहेत. मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के, तर सर्वांत कमी उत्तर प्रदेशात, ४.८ टक्के आढळले. तथापि या शेवटच्या आकड्याने निश्चिंत होता येत नाही. त्याच उत्तर प्रदेशात मधुमेहपूर्व अवस्थेतील लोकांचे प्रमाण १८ टक्के, म्हणजे राष्ट्रीय सरासरीहून अधिक आहे. शहरे आणि खेडी यांच्यातही असेच दिसते. मधुमेह शहरांत १६.४ व ग्रामीण भागात ८.९ टक्के, मधुमेहपूर्व अवस्था मात्र दोन्हीकडे जवळजवळ सारखीच, १५ टक्क्यांच्या थोडी वर. हा आजार शहरी सुखवस्तूंचा आहे, ही समजूत आता सोडून द्यावी लागेल.

इतक्या मोठ्या लोकसंख्येत प्रत्येकाला उपाशीपोटी बोलावून, ग्लुकोज पाजून, दोन तासांनी पुन्हा रक्त घेणे परवडणारे नाही. दुसरीकडे, त्रास सुरू झाला की आपोआप कळेल, असे म्हणून वाट पाहणेही धोक्याचे आहे. कारण दुसऱ्या प्रकारचा मधुमेह वर्षानुवर्षे कोणतेही लक्षण न दाखवता राहू शकतो. जास्त तहान, वारंवार लघवी, वजन घटणे ही परिचित लक्षणे साखर बरीच वाढल्यावर उमटतात. तोवर डोळ्यांच्या पडद्याला, मूत्रपिंडाला, पायांतील मज्जातंतूंना इजा होण्यास सुरुवात झालेली असू शकते. म्हणून कोणाची तपासणी आधी करावी, हे ठरवणारी एखादी चाळणी हवी होती.

चार प्रश्नांचे शंभर गुण

ही पद्धती चेन्नईतील ‘क्युअर्स’ या पाहणीतून आकाराला आली. २००१ पासून त्या शहराच्या १५५ प्रभागांतील २६,००१ प्रौढांची नोंद तीत घेण्यात आली आणि त्यांतून निवडलेल्या २,३५० जणांची सविस्तर तपासणी झाली. कोणत्या बाबींचा निदान न झालेल्या मधुमेहाशी किती संबंध आहे, हे गणिताने पडताळून चार बाबी राखण्यात आल्या आणि प्रत्येकीला तिच्या वजनानुसार गुण देण्यात आले.

वयाचे जास्तीत जास्त गुण ३० आहेत. ३५ वर्षांखालील व्यक्तीला शून्य, ३५ ते ४९ या वयोगटाला २० आणि पन्नाशीपासून पुढे ३०. कंबरेचा घेर स्त्रियांत ८० आणि पुरुषांत ९० सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर शून्य. स्त्रियांत ८० ते ८९ व पुरुषांत ९० ते ९९ सेंटिमीटर असेल तर १०. त्याहून अधिक असेल तर २० गुण. शारीरिक श्रमांत नियमित व्यायाम आणि कष्टाचे काम या दोन्ही गोष्टी असतील तर शून्य, दोहोंपैकी एकच असेल तर २० आणि बैठे काम असून व्यायामही नसेल तर ३० गुण मिळतात. आईवडिलांपैकी कोणालाही मधुमेह नसेल तर शून्य, एकाला असेल तर १०, दोघांना असेल तर २०. एकूण बेरीज जास्तीत जास्त १०० होते. ३० पेक्षा कमी गुण म्हणजे कमी धोका, ३० ते ५० म्हणजे मध्यम आणि ६० किंवा अधिक म्हणजे जास्त धोका. काही ठिकाणी श्रमांच्या चार पायऱ्या करून १० गुणांची एक जादा पायरी घातलेला तक्ता वापरला जातो. त्यामुळे दोन ठिकाणचे आकडे पडताळताना तक्ता कोणता होता, हे पाहावे लागते.

कल्पनेतील एक उदाहरण घेता येईल. ४२ वर्षांचा, दिवसभर संगणकासमोर बसून काम करणारा पुरुष, कंबर ९४ सेंटिमीटर, आईला मधुमेह, व्यायाम नाही. वयाचे २०, कंबरेचे १०, बैठ्या कामाचे ३० आणि आईच्या आजाराचे १० मिळून ७० गुण होतात. तो रोज नेमाने चालू लागला तर ३० ऐवजी २० गुण, म्हणजे एकूण ६०. तरीही तो जास्त धोक्याच्याच गटात राहतो. कंबर ९० सेंटिमीटरच्या आत आली तर बेरीज ५० वर येते. पण हाच माणूस पन्नाशीत पोहोचतो तेव्हा वयाचे १० गुण वाढतात आणि बाकी काहीही न बदलता आकडा पुन्हा ६० होतो. शंभरपैकी ५० गुण वय आणि आईवडील यांचे आहेत व ते कोणाच्याही हातात नाहीत. उरलेले ५० कंबर आणि श्रम यांचे आहेत. हे गुण एकदा मोजून विसरून जाण्यासारखे नाहीत, हेही यावरून दिसते.

साठ गुण म्हणजे मधुमेह नव्हे

मूळ अभ्यासात ६० गुणांच्या रेषेची पारख करण्यात आली होती. ज्यांना मधुमेह होता पण ठाऊक नव्हता, अशांपैकी ७२.५ टक्के लोक या रेषेच्या वर सापडले. याचा अर्थ, दर चार अज्ञात रुग्णांमागे सुमारे एक जण रेषेच्या खाली राहून निसटला. उलट, ६० किंवा अधिक गुण असलेल्यांपैकी प्रत्यक्षात मधुमेह निघाला तो १७ टक्क्यांना. उरलेल्या ८३ टक्क्यांना त्या दिवशी मधुमेह नव्हता. रेषेखालच्या लोकांपैकी मात्र ९५.१ टक्के मधुमेहमुक्त निघाले.

हे आकडे एकत्र वाचले तरच या पद्धतीचे स्वरूप समजते. शिबिरात ७० गुण मिळालेली व्यक्ती ‘मला साखर निघाली’ म्हणून हबकून घरी जाते, तेव्हा ती चुकीचा अर्थ घेऊन जाते. आणि ४० गुण मिळालेली व्यक्ती पुढची दहा वर्षे रक्त तपासायचे नाही असे ठरवते, तेव्हा तीही चुकते. पहिलीने आठवड्याभरात रक्ताची तपासणी करून घेणे एवढेच त्या आकड्याचे सांगणे असते. शिवाय १७ टक्के हा आकडा त्या काळच्या, त्या शहरातील लोकसमूहाचा आहे. मधुमेहाचे प्रमाण जास्त असलेल्या समूहात तो वाढेल, कमी असलेल्या समूहात घटेल. चेन्नईचा आकडा जसाच्या तसा मेळघाटात किंवा लखनऊला लावता येत नाही.

वजनकाट्याऐवजी मोजपट्टी का?

युरोपात यापूर्वीच अशा पद्धती होत्या. फिनलंडमधील संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘फिंडरिस्क’ गुणपद्धतीत वय, कंबर आणि श्रमांबरोबरच उंची-वजनाचे प्रमाण, म्हणजे बॉडी मास इंडेक्स, तसेच भाज्या-फळांचे सेवन आणि रक्तदाबाची औषधे यांचाही विचार होतो. भारतीयांसाठी तशी पद्धती उसनी घेण्यात एक मोठी अडचण होती. भारतीय माणूस वजनकाट्यावर सडपातळ भरतो तेव्हाही त्याच्या शरीरात, विशेषतः पोटात, चरबी जास्त असू शकते.

या गोष्टीचा अभ्यास पुण्यात सर्वाधिक चिकाटीने झाला. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी लंडनचे प्राध्यापक जॉन युडकिन यांच्यासह ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २००४ मध्ये दोघांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स नेमका २२.३ होता. युडकिन यांच्या शरीरात चरबीचे प्रमाण ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के होते. याज्ञिक यांच्याच नेतृत्वाखाली पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून चाललेल्या अभ्यासात असे दिसले, की तेथील नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, म्हणजे इंग्लंडमधील बाळांपेक्षा जवळजवळ ८०० ग्रॅमने कमी होते. या बाळांत स्नायू कमी भरले. त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. ‘दिसायला बारीक, आतून मेदयुक्त’ ही शरीराची घडण जन्मापासूनच सुरू होते, असा त्याचा अर्थ. इन्सुलिनला शरीराने दाद न देणे ही दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाची सुरुवात असते, आणि पोटातील चरबी वाढते तशी ती प्रवृत्ती बळावते. म्हणूनच भारतीय तज्ज्ञांनी जादा वजनाची मर्यादा २५ ऐवजी २३ वर आणली आणि आयडीआरएसने काटा बाजूला ठेवून मोजपट्टी हाती घेतली.

मोजपट्टी धरण्याचीही रीत आहे. पॅन्टचा क्रमांक म्हणजे कंबरेचा घेर नव्हे. पोट सुटलेले बहुतेक पुरुष पट्टा पोटाच्या खाली बांधतात. तेथील माप कित्येक सेंटिमीटरने कमी येते. स्त्रियांत परकराच्या नाडीची जागा हीच कंबर धरली जाते, तीही नेहमी योग्य नसते. दोन्ही पाय थोडे अंतरावर ठेवून सरळ उभे राहावे. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा कंगोरा यांच्या मधोमध पट्टी आडवी, सपाट धरावी. ती अंगाला टेकलेली असावी, रुतलेली नसावी, आणि श्वास सहज सोडल्यावर माप घ्यावे. पोट आत ओढून १० गुण वाचवण्यात कोणाचाच लाभ नाही.

उत्तरे किती खरी असतात?

‘आईवडिलांना मधुमेह होता का?’ हा प्रश्न साधा वाटतो. पण ज्या पिढीचे रक्त कधी तपासलेच गेले नाही, तिच्याविषयी ‘नव्हता’ असे उत्तर देण्याला किती अर्थ? पायाची जखम भरून न आल्याने पाय कापावा लागलेले वडील, साठीच्या आतच झटका येऊन गेलेली आई, म्हातारपणी अचानक दृष्टी अधू झालेले आजोबा, अशा घरगुती आठवणींमागे कधी कधी नाव न मिळालेला मधुमेह असतो. तेव्हा ‘नाही’ आणि ‘माहीत नाही’ ही दोन उत्तरे वेगळी समजली पाहिजेत. छापील तक्त्यात मात्र दुसऱ्या उत्तराला जागा नाही. भावंडांचाही त्यात विचार नाही; सख्ख्या भावाला किंवा बहिणीला मधुमेह असल्यास धोका वाढतो, हे डॉक्टरांना वेगळे सांगावे लागते.

श्रमांच्या प्रश्नाचे उत्तर त्याहून निसरडे आहे. दिवसभर पायांवर उभे राहणारा दुकानदार स्वतःला कष्टकरी समजतो. पाणी भरणारी, गवत कापणारी, घर आणि शेत दोन्ही सांभाळणारी स्त्री ‘मी काहीच करत नाही, घरीच असते’ असे सांगते. शेतकरी म्हटले की कष्टाचे गुण द्यायचे, ही सवयही आता तपासून घ्यावी लागेल, कारण नांगरणीपासून मळणीपर्यंतची बरीच कामे यंत्रांकडे गेली आहेत. प्रश्न विचारणाऱ्याने उत्तर लिहून घेण्याआधी दिवसाचा क्रम विचारला, तर आकडा अधिक विश्वसनीय ठरतो.

या चार प्रश्नांत गोड खाण्याविषयी एकही प्रश्न नाही, याचे अनेकांना आश्चर्य वाटते. आहाराचा संबंध नाही, असा त्याचा अर्थ नव्हे. भारतीयांच्या आहारातील सुमारे ६२ टक्के ऊर्जा पिष्टमय पदार्थांतून येते, असे आयसीएमआर-इंडियाबच्या आहारविषयक पाहणीत दिसले आहे, आणि त्यात पांढरा तांदूळ व गव्हाचे पीठ यांचा वाटा मिठाईपेक्षा कितीतरी मोठा आहे. परंतु कोण किती खातो, हे एका प्रश्नात अचूक समजत नाही. जास्त खाण्याचा आणि कमी हालचालीचा परिणाम कंबरेवर दिसतो, तो पट्टीने मोजता येतो.

चाळणीतून निसटणारे

या पद्धतीची सर्वांत मोठी उणीव तरुण स्त्रियांच्या बाबतीत आहे. २९ वर्षांची, सडपातळ, आईवडील निरोगी असलेली स्त्री या तक्त्यात फार तर ३० गुणांपर्यंत पोहोचते. तिला गरोदरपणात मधुमेह झाला असेल, तर तिचा खरा धोका या आकड्याहून खूप मोठा असतो. अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या २००९ मधील एका लेखानुसार, गरोदरपणात साखर वाढलेल्या स्त्रियांना पुढे दुसऱ्या प्रकारचा मधुमेह होण्याचा धोका इतर मातांच्या तुलनेत सातपटीहून अधिक असतो.

केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रत्येक गर्भवतीला पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान, जेवण झाले असो वा नसो, ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांनी रक्तशर्करा तपासायची असते. ती १४० मिलिग्रॅम किंवा अधिक आली की गरोदरपणातील मधुमेह समजतात. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी तपासणी पुन्हा करायची असते. हा दुसरा टप्पा फार वेळा गळतो. प्रसूतीनंतर साखर सहसा आपोआप खाली येते, स्त्री माहेरी असते, सगळ्यांचे लक्ष बाळाच्या लसींकडे असते आणि तपासणीचा कागद फायलीत राहतो. दहा वर्षांनी जेव्हा तिला मधुमेह निघतो, तेव्हा त्या जुन्या कागदाचा संबंध कोणी लावत नाही.

पाळीच्या अनियमिततेसह अंडाशयाचा पीसीओएस हा विकार असलेल्या मुली, दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारे रुग्ण, क्षयरोगाचे रुग्ण, उच्च रक्तदाब किंवा यकृतात मेद साठलेल्या व्यक्ती यांनीही गुण कमी आले म्हणून तपासणी टाळू नये. लहान मुलांत आणि तरुणांत अकस्मात उद्भवणाऱ्या पहिल्या प्रकारच्या मधुमेहाशी तर या गुणांचा काहीही संबंध नाही. तेथे वजन झपाट्याने घटणे, तहान, उलट्या ही लक्षणे दिसताच त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते.

सरकारी कार्यक्रमात आयडीआरएसऐवजी त्याच धर्तीचा, पण अधिक व्यापक तक्ता आहे. ३० वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीसाठी आशा कार्यकर्ती घरोघरी जाऊन ‘सीबॅक’ नावाचा अर्ज भरते. त्यात वय, कंबर, घरातील आजार, आठवड्याला १५० मिनिटांची शारीरिक हालचाल यांच्याबरोबर तंबाखू आणि मद्य यांचीही विचारणा असते, कारण रक्तदाब आणि हृदयविकार यांचाही अंदाज त्यातून घ्यायचा असतो. चारपेक्षा अधिक गुण आलेल्यांना तपासणीच्या दिवशी अग्रक्रमाने बोलावतात. इतरांना तपासणी नाकारलेली नसते, तिशी ओलांडलेल्या सर्वांसाठीच ती आहे. ही गोष्ट बऱ्याच गावांत पोहोचलेली नाही.

रक्त काय सांगते

उपाशीपोटी रक्तशर्करा १२६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा अधिक, ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यानंतर दोन तासांनी २०० किंवा अधिक, अथवा गेल्या सुमारे तीन महिन्यांची सरासरी दाखवणारे एचबीए१सी ६.५ टक्के किंवा अधिक आले, तर ते मधुमेहाचे निदान होय. लक्षणे नसतील तर एकाच अहवालावर विसंबत नाहीत. तपासणी पुन्हा करतात. दोन तासांनंतरचा आकडा १४० ते १९९ मध्ये असेल तर ती मधुमेहपूर्व अवस्था. उपाशीपोटीच्या आकड्याबाबत जागतिक आरोग्य संघटना ११० पासून आणि अमेरिकन डायबेटिस असोसिएशन १०० पासून ही अवस्था धरते, त्यामुळे एकच अहवाल दोन डॉक्टरांकडे दोन नावांनी वाचला जाऊ शकतो. केवळ उपाशीपोटीची तपासणी केल्यास, ग्लुकोज प्यायल्यानंतरच साखर वाढणारे लोक सुटतात. एचबीए१सीसाठी उपाशी राहावे लागत नाही, ही सोय आहे. परंतु लोहाच्या कमतरतेमुळे झालेल्या रक्तक्षयात ते फसवे वाढलेले दिसू शकते, आणि सिकलसेल किंवा थॅलेसेमियामध्ये त्याच्यावर विसंबता येत नाही. १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असलेल्या देशात ही तळटीप राहत नाही.

मधुमेहपूर्व अवस्था कळल्याने काय साधते, याचे उत्तर चेन्नईतूनच मिळाले. डॉ. ए. रामचंद्रन यांच्या नेतृत्वाखालील ‘इंडियन डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम’मध्ये या अवस्थेतील ५३१ जणांचा सुमारे तीन वर्षे पाठपुरावा झाला. नुसता नेहमीचा सल्ला दिलेल्या गटात त्या काळात ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला. आहार आणि चालण्याकडे सातत्याने लक्ष दिलेल्या गटात हे प्रमाण ३९.३ टक्के राहिले. मेटफॉर्मिन दिलेल्या गटातही जवळपास तेवढीच घट झाली. दोन्ही उपाय एकत्र केल्याने जादा फायदा दिसला नाही. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष आशादायक आहे, पण त्याची दुसरी बाजूही नजरेआड करण्यासारखी नाही. काळजी घेणाऱ्या गटातही दर दहांतील जवळजवळ चौघांना आजाराने गाठलेच.

साखर सामान्य असलेल्यांनाही कायमची हमी मिळत नाही. ‘क्युअर्स’मधील लोकांची सुमारे नऊ वर्षांनी पुन्हा तपासणी झाली, तेव्हा आरंभी सामान्य असलेल्यांपैकी १९.४ टक्के लोक मधुमेहात आणि २५.७ टक्के मधुमेहपूर्व अवस्थेत गेलेले आढळले. त्यामुळे अहवाल सामान्य आला तरी तपासणी किमान तीन वर्षांनी पुन्हा करावी, असे मधुमेहतज्ज्ञ सांगतात. मधुमेहपूर्व अवस्था असल्यास आणि गरोदरपणात साखर वाढली असल्यास ती दरवर्षी करावी लागते. कंबरेचे माप मात्र घरच्या घरी, शिंप्याच्या साध्या पट्टीने, त्याहून वारंवार घेता येते.